बोलता बोलता गाणारी लॉरिन

रॅप म्हणजे तालात केलेली बडबड, असं ज्यांचं ठाम मत आहे, त्यांच्यासाठी आजची गायिका : लॉरिन हिल. मत बदलेलच असं नाही. पण कान कुठे लावायचा, एवढं नक्की कळेल.

अमेरिकेतल्या न्यू जर्सीत १९७५ साली जन्मलेली लॉरिन शाळकरी वयातच प्रास मिशेलबरोबर गाऊ लागली. वायक्लेफ जीन येऊन मिळाला आणि ‘फ्यूजीज’ हे त्रिकूट जमलं. १९९६ मध्ये त्यांचा ‘द स्कोर’ हा अल्बम आला आणि त्यातल्या ‘किलिंग मी सॉफ्टली’ने धमाल उडवली. गाणं जुनंच, रॉबर्टा फ्लॅकने १९७३ मध्ये गाजवलेलं. फ्यूजीजनी साज काढून घेत घेत ते ड्रम आणि बेसवर आणून ठेवलं. मधूनच सतारीचा एक तुकडा चमकतो. तो साठच्या दशकातल्या ‘रोटरी कनेक्शन’ या अमेरिकन बँडच्या रेकॉर्डवरून आलेला. वाद्यं इतकी कमी, की लॉरिनच्या आवाजाला लपायला जागाच उरत नाही.

खरी मेजवानी दोन वर्षांनी मिळाली. ऑगस्ट १९९८ मध्ये तिचा एकटीचा अल्बम आला, ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’. सुरुवातीला शाळेची घंटा होते, शिक्षक हजेरी घेतात, लॉरिनचं नाव पुकारतात आणि उत्तर येत नाही. पोरगी वर्गात नाहीच! पुढे गाण्यांच्या मध्ये मुलं प्रेमावर चर्चा करत राहतात. (चर्चा जरा लांबते, हेही खरं.) हा वर्ग घेणारे रास बराका पुढे नुअर्क शहराचे महापौर झाले.

यातलं ‘डू वॉप’ नीट ऐका. ब्रास वाद्यं आणि कोरस पन्नास-साठच्या दशकातल्या गल्लीगायनाच्या वळणाचे, ठेका मात्र हिप-हॉपचा. पहिल्या कडव्यात ती बायकांना खडसावते, दुसऱ्यात पुरुषांना, दोन्हीकडे रॅप. मग ध्रुवपद येतं आणि तोच आवाज सुरात उतरतो. कीर्तनकार निरूपण करता करता अभंगात शिरतो, तसं हे वळण सहज घेतलेलं. मागचा कोरसही ऐका : एकावर एक चढवलेले आवाजांचे थर. व्हिडिओत पडद्याचे दोन भाग आहेत, डावीकडे १९६७ सालचं न्यूयॉर्क आणि उजवीकडे १९९८ चं. दोन्हीकडे तीच गाते.

‘टू झायन’ हे तिच्या पहिल्या मुलासाठीचं गाणं. मूल नको, करिअरकडे बघ, असं सांगणाऱ्यांना दिलेलं हे उत्तर. गिटार कार्लोस सँटानाची. इथे रॅप नाहीच. आवाज मोकळा सोडलेला, कडांना किंचित खरखरीत. ती खरखर पुसली असती, तर गाणं गुळगुळीत झालं असतं.

फेब्रुवारी १९९९ मध्ये लॉरिनने एका रात्रीत पाच ग्रॅमी जिंकले. त्यांत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचाही होता. हिप-हॉप अल्बमला तो मान पहिल्यांदाच मिळाला. ‘मिसएज्युकेशन’च्या श्रेयावरून सोबतच्या संगीतकारांनी खटला भरला, तो २००१ मध्ये तडजोडीने मिटला.

त्यानंतर तिचा दुसरा स्टुडिओ अल्बम आलाच नाही. २००२ मध्ये आलं ते ‘एमटीव्ही अनप्लग्ड’चं ध्वनिमुद्रण : हातात गिटार, बसलेला घसा, गाण्यांइतकंच बोलणं. अनेक समीक्षकांनी नाकं मुरडली. पहिल्या भेटीत ते ऐकू नका, कंटाळाल. ‘मिसएज्युकेशन’ मात्र पहिल्या घंटेपासून क्रमाने ऐका, गाणी उलटसुलट न लावता.