मोटारीच्या ब्रेकचे सुटे भाग

आता खेड्यापाड्यांतही दारात मोटार उभी दिसते. पाना धरण्याची सवय असलेला माणूस तिचे ब्रेकही स्वतः बदलू पाहतो. कोल्हापूरच्या माणसाला तर यंत्राचे भय नाहीच. शिवाजी उद्यमनगरात ओतकाम आणि लेथ यांवर पिढ्या वाढल्या. पंपाचा भाग मिळाला नाही, तर त्याच्या जवळपासचा आणून, तासून बसवायचा, ही आपली रीत. मळ्यात ती चालून जाते. पंप फार तर बंद पडेल. पण गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ब्रेक लागला नाही तर? म्हणून आज एवढेच सांगायचे आहे, की ब्रेकचा भाग तासून बसवून घेऊ नये. नेमका तोच शोधून आणावा.

तो शोधायचा कसा? दुकानात आपण म्हणतो, ‘अमक्या गाडीचे पॅड द्या.’ एवढ्याने भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल आणि डिझेल, साधी आणि महागडी, यांच्या ब्रेकची मापे निराळी असू शकतात. गाडी डिसेंबरात तयार होते आणि पुढच्या वर्षी नोंदली जाते. मधल्या काळात कंपनीने भाग बदललेला असतो. तेव्हा चासी नंबर लिहून न्यावा. तो १७ अक्षरा-आकड्यांचा असतो आणि नोंदणीच्या पुस्तकात किंवा कार्डावर सापडतो. त्यावरून दुकानदार कंपनीच्या यादीत भागाचा नंबर काढून देतो.

शिवाय जुना भाग काढून सोबत न्यावा, आणि नवा त्याच्यावर ठेवून बघावा. पत्र्याचे कान, भोके, जाडी, सारे जुळले पाहिजे. मात्र आधीच कुणी चुकीचा भाग घातलेला असू शकतो. म्हणून नंबर आणि नमुना दोन्ही हवेत. पॅड किंवा लायनर एका चाकाचे बदलू नयेत. समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे मिळून बदलावेत, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते.

डिस्कच्या कडेला बहुधा किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, आणि ड्रमवर कमाल व्यासाचा. त्यापलीकडे झिजलेला भाग लेथवर नेऊ नये, टाकूनच द्यावा. शिक्षकमंडळींना येथे मुलांसाठी एक छान प्रयोग आहे. झिजलेल्या डिस्कला कडेशी काठ राहतो, त्यामुळे व्हर्निअर कॅलिपर काठाचीच जाडी दाखवतो. दोन्ही बाजूंना एकेक नाणे धरून माप घ्यावे, आणि नाण्यांची जाडी वजा करावी. खरी जाडी हाती येते.

आता ‘ब्रेक ऑइल’. या नावाने पुष्कळांची फसगत होते. हे इंजिनाचे ऑइल नव्हे. इंजिनाचे ऑइल त्यात पडले, तर आतली रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. डबीवर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते. टाकीच्या झाकणावर जे असेल तेच आणावे. ताजे डॉट ३ सुमारे २०५ अंशांना उकळते, डॉट ४ सुमारे २३० अंशांना. पण हे द्रव्य हवेतली ओल पिते, आणि ओल शिरली की लवकर उकळते. घाटात ब्रेक तापला, की आत वाफ धरते आणि पेडल पोकळ लागते. म्हणून कपाटातली अर्धी उघडी डबी वापरू नये. माल सीलबंद घ्यावा, पावती मागावी.

काम करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका. खाली भक्कम घोडी लावा. ब्रेकची धूळ हवेने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, आणि ते फुप्फुसाला घातक आहे. नवे पॅड बसल्यावर पहिल्यांदा पेडल खाली जाते. गाडी हलवण्याआधी ते घट्ट लागेपर्यंत दाबत राहावे, आणि सपाट, मोकळ्या जागी हळू चालवून बघावे. जराही शंका वाटली, तर जाणत्या मिस्त्रीला बोलवावे. त्यात कमीपणा काही नाही. गाडीत आपली मुलेबाळे बसणार असतात.