इंजिनाची खरी ताकद कशी ओळखावी?



विषय ऐकून कोणी म्हणेल, बी.ए., बी.एड्. झालेल्या मास्तरांनी इंजिनाच्या भानगडीत कशाला पडावे? शंका रास्त आहे. पण मी इंजिन खोलून दाखविणार नाही. मी फक्त मोजायला सांगणार आहे, आणि त्यासाठी शाळेतले त्रैराशिक पुरेसे आहे.

आपल्या सिरोंच्याच्या अंगालाच प्राणहिता वाहते आणि थोडे पुढे जाऊन गोदावरीला मिळते. पाणी आहे, ते शेतात चढविणे हाच प्रश्न आहे. जेथे विजेची तार पोहोचलेली नाही किंवा वीज टिकत नाही, तेथे मिरचीला आणि भाताला पाणी देण्याचे काम डिझेल इंजिनावर येते. उन्हाळ्यात नदी खाली जाते, पाणी कमी पडू लागते, डिझेलचा खर्च मात्र चालूच राहतो. मग घरात एकच निर्णय होतो : "इंजिन थकले, बोअर करून घ्या." हजारो रुपये जातात आणि पुष्कळदा पाण्याची धार होती तेवढीच राहते. असे का व्हावे? कारण दोष कोठे आहे हे कोणी मोजलेलेच नसते.

आपण इंजिनाची परीक्षा आवाजावरून आणि धुरावरून करतो. उस्तादांच्या कानाबद्दल मला आदर आहे. वर्षानुवर्षांच्या मेहनतीने तो तयार झालेला असतो. परंतु इंजिन बिघडले एवढे कान सांगेल. किती बिघडले, हे सांगायला आकडाच लागतो.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. एक शक्ती, म्हणजे ठरावीक वेळात काम किती होते. दुसरी कार्यक्षमता, म्हणजे दिलेल्या इंधनापैकी कामी किती आले. एक बैलजोडी दिवसभरात जास्त नांगरते, पण चाराही दुप्पट खाते. तिला ताकदवान म्हणावे, काटकसरी म्हणता येणार नाही. इंजिनाचेही तसेच आहे.

शक्ती मोजण्याची साधी युक्ती फ्रान्समधील इंजिनिअर प्रोनी यांनी १८२१ साली काढली. फिरत्या चाकाला ब्रेक लावायचा आणि ते किती जोराने ओढते ते वजनाने तोलायचे. आज प्रयोगशाळेत दोरीचा ब्रेक वापरतात, तो याच तत्त्वावर चालतो. आपल्या ओळखीचे पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला १५०० फेरे घेणारे, एका सिलिंडरचे इंजिन घ्या. त्याच्या ब्रेकच्या चाकाची त्रिज्या २० सेंटिमीटर आहे. दोरीच्या एका टोकाला १४ किलो वजन टांगले आहे आणि दुसऱ्या टोकाचा काटा २ किलो दाखवितो. म्हणजे चाकावरचा खरा भार १२ किलो. चाकाचा घेर सुमारे १.२६ मीटर, सेकंदाला फेरे २५. म्हणून दोरीखालून सेकंदाला ३१.४ मीटर घेर सरकतो. १२ ला ३१.४ ने गुणा, ३७७ येतात. एक अश्वशक्ती म्हणजे सेकंदाला ७५ किलो वजन एक मीटर उचलणे. ३७७ ला ७५ ने भागा. उत्तर पाच! पाटीवरचा आकडा खरा ठरला.

आता इंधन. खुणा केलेल्या काचेच्या नळीतून इंजिनाला डिझेल द्यायचे आणि १०० मिलिलिटर संपायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहायचे. समजा, ५ मिनिटे २४ सेकंद लागली. म्हणजे तासाला १,१११ मिलिलिटर, वजनाने सुमारे ९२० ग्रॅम. पाच अश्वशक्तीने भागले की दर अश्वशक्तीला तासाला १८४ ग्रॅम. इंजिन काटकसरी की उधळे, हे या एका आकड्यावरून कळते.

एक किलो डिझेल जळले की सुमारे १०,२०० किलोकॅलरी उष्णता निघते, आणि एक अश्वशक्ती तासभर चालली की ते काम ६३२ किलोकॅलरींच्या बरोबरीचे होते. हिशोब करा : या इंजिनाने सुमारे ९,४०० किलोकॅलरी घेतल्या आणि ३,१६० परत दिल्या. कार्यक्षमता जवळजवळ ३४ टक्के. उरलेली उष्णता, ढोबळ मानाने निम्मी निम्मी, धुराबरोबर आणि थंड करणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. ३४ टक्के ऐकून नाराज होऊ नका. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्ग येथे प्राध्यापक श्रोटर यांनी रीतसर चाचणी घेतली, तेव्हा ते २६.२ टक्के भरले आणि जगाने तोंडात बोटे घातली. त्या काळची वाफेची इंजिने त्याच्या जवळपासही नव्हती. आज जहाजांची प्रचंड डिझेल इंजिने ५० टक्क्यांच्या घरात पोहोचली आहेत. ही मजल प्रत्येक सुधारणा मोजून पाहिल्यामुळे गाठता आली.

असो. दोरीचा ब्रेक घरी लावायचा नाही. ते काम आय.टी.आय. किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत, जाणकारांच्या देखरेखीखालीच करावे. शेतावर मात्र दुसरी परीक्षा करता येते. तिला २०० लिटरचे पिंप, घड्याळ आणि मोजपट्टी पुरे.

नदीच्या पाण्यापासून पाइपाच्या तोंडापर्यंतची उभी उंची मोजा. समजा, ती १० मीटर आहे. पिंप भरायला लागणारा वेळ तीनदा पाहून सरासरी घ्या. समजा, १४ सेकंद आली. म्हणजे सेकंदाला १४.३ लिटर पाणी १० मीटर चढले. काम झाले १४३. ७५ ने भागा, १.९ अश्वशक्ती. इंजिन वर सांगितले तेवढेच डिझेल पीत असेल, तर डिझेलपासून पाण्यापर्यंतची कार्यक्षमता फक्त १३ टक्के! शंभर रुपयांच्या डिझेलमधले ३४ रुपये इंजिनाने इमानदारीने पुढे दिले. त्यातले २१ रुपये पंप, पाइप आणि फूट व्हॉल्व्ह यांनी वाटेत खाल्ले. आणि आपण बोअर करायला निघालो इंजिन!

यावर उपायही आहे. १९७८ साली स्थापन झालेल्या पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्थेने शेतीपंपांसाठी कमी अडथळ्याचे फूट व्हॉल्व्ह आणि गुळगुळीत पी.व्ही.सी. पाइप वापरण्याचा प्रचार केला, तो याच कारणाने. इंजिनाला हात न लावताही डिझेल वाचते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंजिन रिकामे चालत असेल तर ते डिझेल पिते, पण बाहेर काम शून्य. म्हणून कार्यक्षमताही शून्य. अर्ध्या भारावर ती पूर्ण भारापेक्षा कमी असते. पाच अश्वशक्तीच्या पंपाला दहाचे इंजिन जोडण्यात मोठेपणा असेल, शहाणपणा नाही.

विद्यार्थी मित्रहो, एक वही करा. दर महिन्याला तारीख, पाण्याची उंची, १०० मिलिलिटर डिझेलला लागलेला वेळ आणि पिंप भरण्याचा वेळ लिहा. डिझेल लवकर संपू लागले पण पिंप पूर्वीइतक्याच वेळात भरते, तर इंजिन तपासा. डिझेलचा वेळ तोच पण पिंप भरायला उशीर, तर आधी नदी किती उतरली ते पाहा. उंची तीच असेल तर पाइप आणि पंप तपासा. मोजताना फिरत्या चाकाजवळ सैल कपडा, ओढणी किंवा रुमाल नको, आणि मोठे माणूस जवळ असल्याशिवाय हात लावू नका.

पालकांना माझी विनंती आहे. आपला मुलगा गॅरेजमध्ये चांगला हात चालवितो म्हणून त्याची शाळा सोडवू नका. हात आहेच, त्याला गणिताची जोड मिळू द्या. पाने देणारा पोऱ्या आणि चाचणीचा कागद लिहिणारा तंत्रज्ञ यांच्यात अंतर आहे ते या गुणाकार-भागाकाराचे. पुण्यात १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था काम करते. तेथे वाहनांची इंजिने चाचणीमंचावर चढवून त्यांची शक्ती, इंधन आणि धूर मोजतात. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर धुराचे मोजमाप आणखी काटेकोर झाले. अशा ठिकाणी आपल्या सिरोंच्याची मुले का असू नयेत? आणि मुलीही का नसाव्यात? काटा वाचायला मनगटाचा जोर लागत नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढेच करा : इंजिनाला दोष देण्याआधी पिंप मांडा, घड्याळ काढा आणि वही मुलांच्या हाती द्या.