लायसन्स जप्त झालं, पुढे काय?



दारू पिऊन गाडी चालवण्यावर आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. 'हराम आहे' म्हटलं की विषय संपला, असं आपण धरून चालतो. पण थर्टी फर्स्टच्या नाकाबंदीत आपल्या मोहल्ल्यातला मुलगाही सापडू शकतो. मग घरात एकच धडपड: गुपचूप दंड भरायचा, अब्बांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही.

आधी कायदा बघू. मोटार वाहन कायदा, कलम १८५. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की गुन्हा, मग स्कूटर असो की ट्रक. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर कैद दोन वर्षांपर्यंत, दंड १५,०००.

दंड भरला म्हणजे प्रकरण मिटलं, हा गैरसमज. कोर्टातला खटला वेगळा, लायसन्सची कारवाई वेगळी. पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात आणि तिथला अधिकारी कलम १९ खाली ते निलंबित करतो. किमान तीन महिने, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना बजावलं आहे. जप्तीच्या वेळी मिळालेली पावती दाखवून गाडी चालवता येत नाही; मोबाइलमधली लायसन्सची प्रतही कामाची नाही. निलंबन असताना चालवलीत तर कलम १८२: तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० दंड किंवा दोन्ही.

कुणाला वाटेल, मी सुटायच्या वाटा दाखवतोय. नाही. नशेत चालवणारा रस्त्यावरच्या भलत्याच माणसाचा जीव घेतो. तीन महिने मला कमीच वाटतात. पण ज्याची रोजी रिक्षा-टेम्पोवर आहे, त्याच्या घरात तीन महिने म्हणजे गाडीचा हप्ता, खोलीचं भाडं, मुलांची फी. लाजेपायी नोटीस कपाटात ठेवली तर त्याची बाजू कुणीच मांडत नाही. आरटीओला आधी त्याचं म्हणणं ऐकावंच लागतं, कारणं लेखी द्यावी लागतात. नोटीस लायसन्सवरच्या पत्त्यावर जाते. खोली बदलली असेल तर जुन्या घरी चौकशी करा. 'सेटिंग करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका, तारखेला स्वतः जा, शक्यतो वकील घेऊन. आदेश चुकीचा वाटला तर ३० दिवसांत अपील करता येतं.