आई होण्यापूर्वीची मेरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या श्रावणात, शुक्रवारच्या हळदीकुंकवानंतर, आपण पंधरावीस जणींनी एका भगिनीच्या घरी बसून 'सुपरनॅचरल' या अमेरिकन मालिकेचा एक भाग पाहिला आणि मग हातातला चहा निवून जाईपर्यंत वाद घातला. त्या दिवशी मी गप्प होते. आज चार शब्द बोला असे सचिवबाईंनी सांगितले, तेव्हा मी म्हटले, माझे तेवढेच एक बोलायचे राहिले आहे, तेच बोलू द्या.

ज्या त्या दिवशी नव्हत्या त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही मालिका 2005 साली सुरू झाली आणि 2020 मध्ये संपली. एकंदर 327 भाग. मी काही सगळे पाहिलेले नाहीत आणि पाहीनसे वाटतही नाही, कारण त्यात रक्त फार सांडतात. डीन आणि सॅम या दोन भावांची ती गोष्ट. पहिल्याच भागात 2 नोव्हेंबर 1983 च्या रात्री, सॅम अवघा सहा महिन्यांचा असताना, त्यांची आई मेरी एका पिशाच्चाच्या हातून मरते. बाप जॉन पुढे सारा जन्म त्या पिशाच्चाचा माग काढण्यात घालवतो आणि मुलांनाही त्याच भुताखेतांच्या शिकारीत वाढवतो. मुलांच्या लेखी आई म्हणजे पांढऱ्या झग्यातली एक मृत बाई, एवढेच.

आपण पाहिला तो भाग चौथ्या पर्वातला, 2008 सालचा. त्याचे नाव 'इन द बिगिनिंग'. त्यात कॅस्टिएल नावाचा देवदूत डीनला उचलतो आणि 1973 सालात, कॅन्सास राज्यातल्या लॉरेन्स गावी नेऊन सोडतो. तिथे त्याला आपला बाप भेटतो. बाप अजून पोरसवदा आहे, व्हिएतनामच्या लढाईतून परतलेला. मग आई भेटते, आणि ती या पाहुण्याला पहिल्या भेटीतच चांगला चोप देते! मुलगा चकितच होतो. भुतांची शिकार हा धंदा बापाने काढलेला नसून आईच्या माहेरचा होता, हे त्याला तिथे कळते. सॅम्युएल आणि डिआना या तिच्या आईबापांची नावेच पुढे दोन्ही मुलांना मिळालेली. इतकी वर्षे ज्या आजीचे नाव तो वागवत होता, ती आजी समोर उभी.

(एक गंमत जाता जाता सांगते. डीनला इतिहासात एकच गोष्ट करवून घेता आली. बाप दुसरीच गाडी घेणार होता, त्याला त्याने 1967 ची इंपाला घ्यायला लावले. पुरुषमाणूस काळ ओलांडून गेला तरी गाडीचे सुटत नाही.)

पुढचे तुम्हांला ठाऊक आहे. पिशाच्च मेरीच्या आईबापांना मारते, जॉनलाही मारते, आणि तिच्यासमोर सौदा ठेवते. जॉन परत मिळेल. दहा वर्षांनी मी तुझ्या घरी एका कामासाठी येईन. मध्ये कोणी आले नाही तर कोणाला इजा होणार नाही. मेरी कबूल होते. डीन पोचतो तोवर व्हायचे ते होऊन गेलेले असते. देवदूत त्याला सांगतो की तुला हे थांबवता येणारच नव्हते, फक्त कळायला हवे होते.

त्या दिवशी एक भगिनी म्हणाल्या, ही बाई अविचारी. दुसऱ्या म्हणाल्या, हिच्यापेक्षा आपली सावित्री शहाणी. ते खरेच आहे. सावित्री यमाच्या मागे चालत गेली, आधी सासऱ्याचे डोळे मागितले, मग राज्य, मग बापाला शंभर पुत्र, मग स्वतःला शंभर पुत्र, आणि यमाला त्याच्याच शब्दात अडकवले. पण सावित्रीला नारदांनी वर्षभर आधी दिवस सांगून ठेवला होता. तिने त्याची तयारी केली, तीन दिवसांचे व्रत केले. मेरीजवळ वर्ष नव्हते, घटकाही नव्हती. नवरा होऊ घातलेला माणूस मांडीवर मरून पडलेला, आईबाप मारले गेलेले. अशा वेळी कलमे वाचून सही करा असे कोण म्हणेल?

डीनने तिला सावध केले होते हेही खरे. 2 नोव्हेंबर 1983 ला रात्री काहीही ऐकू आले तरी अंथरुणातून उठू नकोस, असे त्याने तिला विनवले आणि तिने शब्द दिला. आता पहिला भाग आठवा. त्या रात्री तान्ह्याचा आवाज आला आणि ती उठली. पाळण्याजवळ कोणी उभे दिसले, तिला वाटले नवराच असेल. खाली येऊन पाहते तो नवरा टीव्हीपुढे झोपलेला, आणि ती धावत वर गेली. आपल्यापैकी कोण पडून राहिली असती? तेव्हा नशीब अटळ होते की नव्हते, या वादात मला रस वाटला नाही.

मी गप्प होते ते दुसऱ्याच एका प्रसंगामुळे. मेरी त्या परक्या मुलाला सांगते की मला यातून बाहेर पडायचे आहे. माझ्या मुलांना माझ्यासारखे या धंद्यात वाढावे लागले तर त्याहून वाईट काही नाही, ते मी होऊ देणार नाही. तिला ठाऊक नाही की ज्याच्याशी ती बोलते आहे तो त्याच धंद्यात वाढलेला तिचा मुलगा आहे. त्याचे डोळे भरून येतात.

माझी आई खाणावळ चालवीत असे. वडील गेल्यावर दोन्ही वेळा मिळून तीस-पस्तीस पाने. मला मात्र तिने चुलीपाशी कधी येऊ दिले नाही. मी पोळपाट घेतला की ती हातातून काढून घेई आणि "जा, पुस्तक घे" म्हणे. लग्न होऊन सासरी गेले तेव्हा मला धड पोळी लाटता येत नव्हती. जे ऐकावे लागले ते ऐकले. शाळेत शिक्षिका म्हणून तीस वर्षे नोकरी केली, पण मनात अढी राहिली की आईला मी वेंधळी वाटत असे, म्हणून तिने आपली विद्या मला दिली नाही. तिला जाऊन आता एकोणीस वर्षे झाली. मी तिला विचारले नाही.

तो भाग पाहून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या मावशीला फोन केला. ती चौऱ्याऐंशीची आहे, ऐकू कमी येते, प्रश्न दोनदा ओरडून विचारावा लागला. ती म्हणाली, "अगं, वेंधळी कसली? ताई म्हणायची, हिला एकदा चांगली पोळी जमली की मला दुसरी बाई ठेवावी लागणार नाही, आणि मग ही इथेच राहील. म्हणून हिच्या हाताला पोळपाट लागू द्यायचा नाही."

मी बराच वेळ फोन धरून बसले. मग विचारले, मावशी, आईला स्वतःला काय करायचे होते गं? लहानपणी काही म्हणायची का?

मावशी म्हणाली, "ते बाई मी कधी विचारलंच नाही."

अध्यक्षीणबाईंनी दोनदा घड्याळ पाहिले आहे, आणि आत पानेही मांडली गेली आहेत.