चार ओळींची जबाबदारी

कचेरीत नवा कारकून रुजू झाला, की शेजारच्या अनुभवी सहकाऱ्याला विचारून तो काम शिकतो. संगणकाच्या जगात अलीकडे जो नवा कारकून आला आहे, त्याला ही सोय नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचा एजंट तो हाच. माणसाने साध्या भाषेत सांगितलेले काम समजून घ्यावे आणि ते योग्य त्या सॉफ्टवेअरकडून करवून घ्यावे, ही त्याची चाकरी.

एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे काम मागण्याची जी ठरलेली खिडकी असते, तिला एपीआय म्हणतात. अशा खिडकीवर उभे केलेले साधन एजंटाला तीन गोष्टींवरून ओळखावे लागते: साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवावी लागते याची यादी. जून २०२३ मध्ये ओपनएआय या कंपनीने आपल्या मॉडेलांना साधनांची अशी ओळख करून देण्याची सोय केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने जाहीर केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या खुल्या नियमावलीतही हीच पद्धत आहे. खिडकीमागचा प्रोग्राम एजंटाला सहसा दिसत नाही आणि वर्णन लिहिणाऱ्याला त्याचा आशय विचारताही येत नाही. म्हणून त्या चार ओळींवर मोठी जबाबदारी येऊन पडते.

समजा, रेल्वेगाड्या शोधून देणारे एक साधन आहे आणि त्याचे वर्णन ‘गाडीची माहिती देते’ एवढेच आहे. प्रवासी म्हणतो, ‘तीन एप्रिलला दादरहून सोलापूरला जाणारी गाडी पाहा.’ आता एजंटाने स्थानक नावाने सांगावे की संकेताक्षरांनी? मध्य रेल्वेच्या दादरची संकेताक्षरे डीआर, तर पश्चिम रेल्वेच्या दादरची डीडीआर. तारीख ०३/०४ अशी लिहिली, तर आपल्याकडे ती तीन एप्रिल ठरते आणि अमेरिकी रीतीने चार मार्च. अशा वेळी एजंट पुष्कळदा अंदाज बांधतो, आणि तो चुकला तरी उत्तर ठाम स्वरातच देतो.

तेच वर्णन असे लिहून पाहा: ‘दोन स्थानकांदरम्यान दिलेल्या दिवशी धावणाऱ्या गाड्या शोधते. स्थानक संकेताक्षरांनीच द्यावे. ती ठाऊक नसल्यास आधी स्थानक शोधण्याचे साधन वापरावे. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावी, जसे २०२६-०४-०३. येथे तिकीट काढले जात नाही आणि शिल्लक जागाही कळत नाहीत.’ यातले शेवटचे वाक्य विशेष मोलाचे आहे. साधन काय करते, हे बहुतेक जण लिहितात. ते काय करत नाही, हेही लिहिले म्हणजे शेजारच्या साधनाशी होणारा घोटाळा टळतो.

शोधण्यातली चूक सुधारता येते. रद्द करणे, पुसून टाकणे, पैसे पाठवणे या कामांत तशी सवड नसते. ‘आरक्षण रद्द करते’ या तीन शब्दांत एका प्रवाशाचे की सगळ्या कुटुंबाचे, पैसे कापले जातील की नाही, यांपैकी काहीच कळत नाही. तेथे परिणाम स्पष्ट लिहावा आणि प्रवाशाची संमती आधी घ्यावी, असेही सांगावे. अर्थात सारा भार शब्दांवर टाकून चालत नाही. संमतीशिवाय आलेली अशी मागणी प्रोग्रामनेही अडवली पाहिजे.

आणखी एक पथ्य आहे. वर्णन खरे असले पाहिजे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळापाशी हरपले. आकडे मेट्रिक एककांत द्यावेत, असे कागदावर ठरलेले होते. जमिनीवरील एका प्रोग्रामने ते इंग्रजी एककांत दिले आणि घेणाऱ्याने कागदावर विश्वास ठेवला. प्रोग्राम बदलला आणि वर्णन जुनेच राहिले, तर एजंटाचीही हीच गत होते. म्हणून प्रत्येक बदलानंतर लोकांच्या नित्याच्या मागण्या एजंटापुढे ठेवाव्यात, तो कोठे अडखळतो ते पाहावे आणि त्या जागचे वाक्य सुधारावे.

हे लेखन कोणाच्या नजरेस पडत नाही, त्याला कोणी दाद देत नाही. पण ते सैल राहिले, तर त्याचा भुर्दंड ते लिहिणाऱ्याला क्वचितच पडतो. तो पडतो चुकीच्या तारखेचे तिकीट हाती घेऊन फलाटावर उभ्या राहिलेल्या प्रवाशाला.