बिनडिस्कचे संगणक आणि कोपीवरची मुले
(अंथुर्णे येथे मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



तुमच्यापैकी पुष्कळांनी विचारले, "आम्ही देणगी दिली, मग नवे संगणक का घेतले नाहीत?" प्रश्न रास्त आहे. त्याचाच हिशेब आज देतो.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की नंदुरबार-धुळ्याकडच्या भिल्ल कुटुंबांच्या टोळ्याही आपल्या भागात उतरतात. आईबाप पहाटे फडात जातात, मुले कोपीवर राहतात. त्यांच्यासाठी आपण संध्याकाळचा वर्ग चालवतो. तिथे आठ जुने संगणक दान मिळाले होते. धूळ, उकाडा आणि अवेळी जाणारी वीज यांमुळे दुसऱ्या हंगामात पाचांच्या हार्ड डिस्क बंद पडल्या. सहावीतल्या एका मुलीने आजीच्या गोष्टी भिलीत टाइप केल्या होत्या, त्या गेल्या. "सर, परत लिहू का?" तिने विचारले. पण दोन दिवसांनी तिची टोळी दुसऱ्या गावी गेली.

तेव्हा ठरवले, डिस्क बदलत बसायचे नाही, काढूनच टाकायच्या.

प्रीतिभोजनाला प्रत्येकाच्या घरी चूल पेटत नाही. स्वयंपाक एकाच ठिकाणी होतो, पंगतीत फक्त ताटे असतात. तसेच हे आहे. एक चांगला संगणक सर्व्हर म्हणून ठेवायचा. बाकीचे केबलने त्याला जोडायचे. बटण दाबताच डिस्क नसलेला संगणक केबलवरून विचारतो, "मी कोण? मी काय चालवू?" सर्व्हर त्याला पत्ता देतो, मग लिनक्सचा गाभा पाठवतो. पुढच्या सगळ्या फायली तो सर्व्हरवरूनच वाचतो. इंटरनेट लागत नाही.

या फायली मुलांना फक्त वाचता येतात, बदलता येत नाहीत. म्हणून मध्येच वीज गेली तरी त्यांच्या संगणकावर बिघडण्यासारखे काही नसते. मुलांचे स्वतःचे काम मात्र सर्व्हरवर त्यांच्या नावाच्या कप्प्यात साठते. पुढच्या हंगामात मूल परत आले, कोणत्याही संगणकावर बसले, तरी आपले नाव आणि पासवर्ड घातला की त्याचे काम समोर येते.

ही युक्ती आमची नाही. दूरच्या फायली आपल्याच असल्यासारख्या वापरण्याची एनएफएस ही पद्धत सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने 1984 मध्ये आणली. 1999 मध्ये अमेरिकेतील जिम मॅकक्विलन यांनी लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट सुरू केला. तो आजही मोफत मिळतो, आणि अनेक देशांतल्या शाळांनी जुने संगणक त्यावर चालवले आहेत.

आता उणी बाजूही सांगतो. चूल विझली तर सगळी पंगत उपाशी राहते. सर्व्हर बंद पडला की आठही संगणक बंद. म्हणून तुमच्या देणगीतून एक सर्व्हर, त्यात एकसारखी नक्कल ठेवणाऱ्या दोन डिस्क, एक वेगवान स्विच आणि एक यूपीएस घेतला. दर शनिवारी मुलांच्या कामाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून दुसऱ्या घरी ठेवतो.

यापुढे कोणी जुना संगणक देणार असेल, तर डिस्क नसली तरी चालेल. आम्हाला अधिक गरज माणसाची आहे. सर्व्हर सांभाळायला शिकणारा एक तरुण मंडळीतून पुढे यावा. मी एकटाच जाणकार राहिलो, तर मीही त्या एका चुलीसारखाच.

ती मुलगी पुढच्या हंगामात आली. गोष्टी तिने पुन्हा लिहिल्या. या वेळी त्या जागेवर आहेत.