ढग येतात, पण पाऊस का येत नाही?
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषण)



माण-खटावकडील मुले आषाढात एक गोष्ट नेहमी पाहतात. पश्चिमेकडून ढग येतात, गावावरून धावत जातात आणि शिवार कोरडेच राहते. अशा मुलास आपण वर्गात सांगतो, ‘समुद्राच्या पाण्याची वाफ होते, ती थंड झाली की ढग बनतात व पाऊस पडतो.’ एवढ्यावर धडा संपतो. पण डोक्यावरून गेलेल्या ढगांनी ते वाक्य त्याच्यापुरते खोटे ठरविलेले असते. ‘का?’ असे त्याने विचारलेच, तर ‘डोंगर ढगांना अडवितो’ असे आपण म्हणतो. हे उत्तरही अपुरे आहे. ढग अडले असते, तर ते त्याला दिसले कसे असते?

प्रथम शब्द नीट वापरावेत. वाफ डोळ्यांना दिसत नाही. ढग म्हणजे वाफ नव्हे, तर अतिसूक्ष्म जलकणांचा समूह होय. उकळत्या किटलीच्या तोटीशी बोटभर जागा रिकामी भासते व त्यापुढे पांढरे धुके दिसते. खरी वाफ त्या रिकाम्या भासणाऱ्या जागेत असते.

आता एक प्रयोग. प्लास्टिकची पारदर्शक बाटली घ्यावी. तीत थोडे कोमट पाणी घालून बूच घट्ट लावावे, बाटली जोराने दाबावी व एकदम सोडावी. धुके जवळजवळ दिसणार नाही. मग बूच काढून उदबत्तीचा थोडा धूर आत जाऊ द्यावा आणि पुन्हा तसेच करावे. सोडताच बाटलीत धुके दाटते. दाबताच ते नाहीसे होते. मुलांना हे चारचारदा करू द्यावे, घाई करू नये. हवा प्रसरण पावली की थंड होते व वाफ धुराच्या कणांवर जमते. हवा दाबली गेली की तापते व जलकण पुन्हा अदृश्य होतात. आकाशात धुराचे काम धूळ व समुद्राच्या मिठाचे कण करतात.

हीच बाटली आपल्या जिल्ह्यावर ठेवून पाहा. कोकणातून आलेला वारा सह्याद्री चढतो. वर दाब कमी, म्हणून हवा पसरते. ढग होईपर्यंत ती दर किलोमीटरला सुमारे 10 अंश सेल्सिअस थंड होते. महाबळेश्वरास वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. घाटमाथा ओलांडून हवा पूर्वेस उतरू लागली की बाटली दाबल्यासारखे होते. ती तापते, ढग विरळ होतात. सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या दहिवडीकडे पाचशे मिलिमीटरांच्या आसपासच पाऊस उरतो.

पण उरलेले ढग तरी का बरसत नाहीत? ढगातील कणाचा व्यास साधारणपणे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, तर पावसाच्या थेंबाचा सुमारे दोन मिलिमीटर असतो. व्यास शंभरपट, म्हणजे घनफळ दहा लाखपट! (घनफळ शिकविताना हे उदाहरण अवश्य द्यावे.) असा कण सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभर खाली येतो, ढगाखाली उतरला तरी वाटेतच सुकतो. कण एकमेकांवर आदळून, मिसळून मोठे व्हावेत, तर ढगास जाडी व वेळ हवा. उंच ढगांत हिमकण भोवतालच्या वाफेवर वाढतात व खाली वितळून थेंब होतात. आषाढातले ते धावते, पातळ ढग यांपैकी काहीच साधू शकत नाहीत. पूर्व भागास वळवाचा व परतीचा पाऊस अधिक उपयोगी पडतो, कारण तेव्हा तापलेल्या जमिनीवरून हवा सरळ वर चढते व ढग मैलोगणती उंच वाढतात.

शाळेत रुंद तोंडाचा, उभ्या बाजूंचा डबा उघड्यावर ठेवावा. मुलांनी रोज सकाळी त्यातील पाणी पट्टीने मोजून मांडावे आणि शेजारच्या रकान्यात आदल्या दिवशीचे ढग पातळ होते की उंच वाढलेले, तेही लिहावे. बिनपावसाच्या दिवशी शून्य लिहावे, पण ढगांचा रकाना रिकामा ठेवू नये.